भाव पडेपर्यंतच खजिना

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान सूर्याभोवती फिरणारा ‘सायकी’ हा लघुग्रह अनीबाले दे गास्पारिस या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८५२ साली नेपल्समधून शोधला. पुढची दीडशे वर्षे अभ्यासकांखेरीज कुणाला त्याचे फारसे अप्रूप नव्हते. आता मात्र त्याचे नाव बातमीत आले की पाठोपाठ एक आकडा येतोच: एकावर एकोणीस शून्ये, इतक्या डॉलरची संपत्ती. साऱ्या जगाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या ही सुमारे एक लाख पट. पृथ्वीवरच्या आठ अब्ज माणसांत समान वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वाशे कोटी डॉलर येतील.

हा आकडा आला कुठून? २०१७च्या सुरुवातीला ‘नासा’ने सायकीकडे यान पाठवायचे ठरवले. मोहिमेच्या प्रमुख, अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या लिंडी एल्किन्स-टॅन्टन यांनी त्या सुमारास तिथल्या नुसत्या लोखंडाची किंमत चालू भावाने काढून सांगितली. हे लोखंड आणण्याचे तंत्र आपल्यापाशी नाही आणि आणलेच तर बाजार कोसळेल, हेही त्यांनी सांगितले होते. पण त्यांची सावधगिरी वाटेत गळून पडली आणि आकडा तेवढा उरला.

आकडा फुगवलेला आहे, एवढीच माझी तक्रार असती तर लेख लिहायचे कारण नव्हते. तो काढण्याची रीतच मुळात चुकीची आहे आणि त्या रीतीवर कंपन्या उभ्या राहिल्या, सरकारांनी कायदे केले, म्हणून ती तपासली पाहिजे. रीत अशी: तिथे किती टन धातू आहे याचा अंदाज घ्यायचा आणि त्याला इथल्या आजच्या भावाने गुणायचे. पण इथला आजचा भाव ठरतो तो धातू इथे किती मिळतो यावरून. तो अमाप मिळू लागला की ज्या भावाने गुणाकार केला तो भावच शिल्लक राहत नाही. म्हणजे लघुग्रहावरच्या खजिन्याची किंमत सांगणारा आकडा, तो खजिना आपल्या हाती येत नाही तोवरच खरा असतो.

सायकीच्या लोखंडाचेच घ्या. जगात वर्षाला सुमारे १९० कोटी टन पोलाद तयार होते. सायकीचा निम्मा भाग जरी धातू मानला, तरी या वेगाने तो संपायला साठ लाख वर्षे लागतील. साठ लाख वर्षांच्या साठ्याला आजच्या भावाने गुणण्यात काय अर्थ आहे? शिवाय लोखंडाची पृथ्वीवर टंचाई नाही. आणि सायकी म्हणजे धातूचा भरीव गोळा, हेही आता तितकेसे खरे वाटत नाही. त्याची घनता पाण्याच्या चौपट भरते, तर लोखंडाची जवळजवळ आठपट असते. तिथे खडक आणि पोकळ्याही असणार. ऑक्टोबर २०२३मध्ये निघालेले यान २०२९मध्ये तिथे पोचेल, तेव्हा हे अधिक उलगडेल.

लोखंडाचा नाद सोडून लघुग्रहांच्या खाणकामाचे पुरस्कर्ते बोलतात ते प्लॅटिनम आणि त्याच्या गोतावळ्यातल्या धातूंबद्दल: पॅलेडियम, ऱ्होडियम, इरिडियम. हे धातू पृथ्वी वितळलेल्या अवस्थेत असताना लोखंडाबरोबर तिच्या गाभ्यात बुडाले. कवचात जे थोडे सापडतात, त्यांतले बरेचसे नंतर आदळलेल्या अशनींनी आणले असावेत असे अनेक भूवैज्ञानिक मानतात. काही लघुग्रहांचा गाभा असा आपल्या पायाखाली हजारो किलोमीटर दडलेला नाही, तो फुटून उघडा पडला आहे, हा या कल्पनेतला भक्कम वैज्ञानिक भाग आहे आणि मला तो मनापासून आवडतो.

पण हा बाजार केवढा आहे ते पाहा. जगभरच्या खाणींतून वर्षाला १८० टनांच्या आसपास प्लॅटिनम निघते आणि त्यातला सुमारे ७० टक्के वाटा एकट्या दक्षिण आफ्रिकेचा असतो. गेल्या दशकाचा बराच काळ त्याचा भाव औंसाला हजार डॉलरच्या आगेमागे राहिला. त्या भावाने वर्षभराचे सगळे प्लॅटिनम मिळून सहा अब्ज डॉलरचेही होत नाही. २०२५मध्ये भाव झपाट्याने चढला. तो दुप्पट धरला तरी बारा अब्ज. ज्या धंद्यात ‘लक्षावधी कोटी’ची भाषा होते, त्याचा पृथ्वीवरचा आजचा सगळा बाजार एवढा आहे. लहान बाजाराचा भाव किती हलका असतो, हे ऱ्होडियमने दाखवले. वर्षाला वीस-बावीस टन निघणाऱ्या या धातूचा भाव मार्च २०२१मध्ये औंसाला तीस हजार डॉलरच्या घरात गेला आणि दोन-सव्वादोन वर्षांत पाच हजारांच्या खाली आला. एवढ्या घसरणीला आकाशातून एक ग्रॅमही यावा लागला नव्हता.

भाव पडतो तेव्हा कुणाचे काय होते, यासाठी कल्पना लढवायची गरज नाही. आपल्या रुपयाने ते भोगले आहे.

१८५९ साली अमेरिकेत नेवाडाच्या डोंगरात कॉमस्टॉक नावाची चांदीची प्रचंड शीर सापडली. पुढच्या दशकात चांदीचा पुरवठा वाढत गेला आणि नेमक्या त्याच सुमारास, १८७१नंतर, जर्मनीने सोन्याचे चलन स्वीकारून आपली चांदी बाजारात काढली. युरोपातले इतर देशही चांदीपासून दूर सरकले. आपला रुपया चांदीचा होता. कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावे, किरकोळ खर्च वजा करून तितक्या वजनाचे रुपये पाडून घ्यावेत, अशी पद्धत होती. चांदी उतरली तसा रुपया उतरला. १८७०च्या दशकाच्या आरंभी दोन शिलिंगांच्या जवळ असलेला रुपया १८९२च्या सुमारास सव्वा शिलिंगावर आला. हिंदुस्थान सरकारला कर्जावरचे व्याज, गोऱ्या अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने, लष्करी खर्च यांपोटी दरवर्षी लंडनला पौंड धाडावे लागत. तेवढेच पौंड उभे करायला जास्त रुपये लागू लागले आणि ते रुपये येणार होते इथल्या करदात्याकडून. अखेर १८९३च्या जूनमध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा १९२३ साली लंडनहून प्रसिद्ध झालेला प्रबंध या सगळ्या उलथापालथीचा शोध घेतो. रुपया घसरल्याने निर्यातदाराचा फायदा झाला आणि म्हणून देशाचे भले झाले, असे म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते. आंबेडकरांनी विचारले की हा फायदा आला कुणाच्या खिशातून. भाव चढले तितक्या वेगाने मजुरी चढली नाही, म्हणजे एका वर्गाचा लाभ दुसऱ्या वर्गाच्या तोट्यातून निघाला. धातूच्या भावाकडे पाहण्याची ही नजर मला आजही सर्वांत उपयोगी वाटते. लघुग्रहांच्या सुबत्तेची स्वप्ने रंगवणाऱ्या लिखाणात हा एक प्रश्न जवळजवळ कधीच विचारला जात नाही.

टांकसाळी बंद झाल्यावर रुपया सावरला, पण त्याची एक किंमत खेड्यांनी मोजली. तोवर घरातली चांदी म्हणजे जवळजवळ रोख रुपये होते. आता रुपया महाग आणि चांदी स्वस्त अशी फारकत झाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ लागोपाठ आले, तेव्हा नगर-सोलापूरकडच्या शेतकऱ्याने बायकोचे तोडे, वाळे, साखळ्या मोडायला काढल्या आणि त्यांचे पूर्वीइतके रुपये येईनात. नेवाडाची खाण आणि युरोपातल्या सरकारांचे निर्णय, दोन्ही त्याच्या शिवारापासून हजारो कोस दूर होते. ते निर्णय त्याला कुणी विचारून घेतले नव्हते.

आज भारतीय घरांत मिळून सुमारे २५ हजार टन सोने असावे असा जागतिक सुवर्ण परिषदेचा अंदाज सांगितला जातो. मुलीच्या नावाने केलेल्या पाटल्या, पेरणीसाठी गहाण पडलेली बोरमाळ, पतपेढीच्या तिजोरीतले तारण हे सगळे त्यात आले. सोने खरोखर स्वस्त झाले तर ते विकत घेणाऱ्याचा फायदा होईल आणि ज्या बाईची आयुष्यभराची शिल्लक त्यातच आहे तिचे नुकसान होईल. मानवजात श्रीमंत झाली, असे एका वाक्यात म्हणून हा हिशेब मिटवता येत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो अॅल्युमिनियमचा दाखला देतो. १८८४ साली वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर अॅल्युमिनियमचा छोटासा, तीन किलोच्याही आतला पिरॅमिड बसवला, तेव्हा त्याचा भाव चांदीच्या तोडीचा, औंसाला डॉलरभर होता. १८८६मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, विजेच्या साहाय्याने अॅल्युमिनियम काढण्याची एकच रीत शोधली. दहा वर्षांच्या आत पौंडाला एका डॉलरहून कमी भाव झाला. त्यातून विमाने उडाली, तारा ओढल्या गेल्या, घरोघरी भांडी आली. भाव कोसळल्याने कुणी बुडाले नाही, उलट एक अफाट उद्योग उभा राहिला. मग प्लॅटिनमचे तसेच का होऊ नये? ते स्वस्त झाले तर पाण्यापासून हायड्रोजन काढणारी यंत्रे, इंधनघट, रासायनिक कारखाने यांचा खर्च उतरेल आणि आज केवळ महाग म्हणून जिथे ते वापरत नाहीत अशा शेकडो जागा उघडतील.

हे मला मान्य आहे. स्वस्त प्लॅटिनम जगाला हवेच आहे. पण अॅल्युमिनियमच्या गोष्टीत आधी उत्पादनखर्च कोसळला आणि त्याच्या मागे भाव गेला. म्हणून प्रत्येक पायरीवर कारखानदाराला नफा होत राहिला. लघुग्रहाच्या बाबतीत क्रम उलटा होतो. धातू बाजारात येताच भाव पडणार, खर्च मात्र अवकाशयानाचाच राहणार. खर्च आधी हजारो पटींनी उतरवणारी हॉल-एरूसारखी रीत सापडली, तर हा सगळा लेख मागे घेण्यात मला आनंदच वाटेल. ती आज कुणापाशी नाही.

खर्चाचा प्रश्न समजायला कर्नाटकातल्या कोलारला जावे. तिथे १८८०पासून इंग्रजी कंपनीने आधुनिक पद्धतीने सोने काढायला सुरुवात केली. आरंभी टनभर दगडामागे चाळीस ग्रॅमहून अधिक सोने मिळे. शतकाच्या कामानंतर खाण तीन किलोमीटरहून खोल गेली आणि टनामागे तीन-चार ग्रॅम उरले. फेब्रुवारी २००१मध्ये ती बंद झाली. सोने संपले म्हणून नव्हे. ते आजही खाली आहे, बाहेरच्या सायनाइडच्या टेकाडांतही आहे. काढायला लागणारा पैसा मिळणाऱ्या पैशाहून जास्त झाला. जमिनीत काय आहे आणि काय काढण्याजोगे आहे, यांतले अंतर कोलारच्या हजारो कामगार कुटुंबांना विचारावे. तिथे रस्ता होता, वीज होती, हवा होती, कुशल माणसे होती.

आता आकाशातला हिशेब. समजा आपल्याला उत्तम धातुमय लघुग्रह सापडला आणि त्यात टनामागे ५० ग्रॅम प्लॅटिनम आहे. दक्षिण आफ्रिकेच्या बुशव्हेल्ड पट्ट्यात प्लॅटिनम गटाचे सगळे धातू मिळून टनामागे तीन ते सहा ग्रॅम असतात, म्हणजे आपण साधारण दहापट समृद्ध दगड गृहीत धरतो आहोत. कॅलिफोर्नियातल्या केक संस्थेने २०१२ साली केलेल्या अभ्यासानुसार, सात मीटर रुंदीचा पाचशे टनांचा एक लघुग्रह ओढून चंद्राजवळच्या कक्षेत आणायला २६० कोटी डॉलर लागले असते. आपल्या गृहीतकाने त्या पाचशे टनांत २५ किलो प्लॅटिनम निघेल. हजार डॉलर औंसाने त्याचे झाले आठ लाख डॉलर. २६० कोटी खर्चून आठ लाख, आणि तेही ते वेगळे काढून पृथ्वीवर उतरवण्याचा खर्च न धरता.

मोठ्या लघुग्रहावर जाऊन तिथेच धातू गाळला तर? बेनू या लघुग्रहाकडे गेलेल्या ‘ओसायरिस-रेक्स’ मोहिमेचा खर्च १०० कोटी डॉलरच्या वर होता. तेवढा खर्च भरून काढायला ३१ टन प्लॅटिनम लागेल आणि त्यासाठी सहा लाख टनांहून अधिक धातू तिथे चाळावा लागेल. माणसाने अवकाशात उभारलेली सर्वांत जड वस्तू, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक, सव्वाचारशे टनांच्या आत आहे. वजनरहित अवस्थेत निकेल-लोखंडाचा भक्कम खडक फोडायचा, वितळवायचा, त्यातून टनामागे ५० ग्रॅम वेगळे करायचे, बिघडलेला सुटा भाग बदलायला जवळ कुणी नाही. पृथ्वीवरच्या प्रत्येक धातुशोधन कारखान्याला गुरुत्वाकर्षण, पाणी आणि हवा फुकट मिळते, हे आपण विसरूनच जातो.

बेनूहून सप्टेंबर २०२३मध्ये आलेल्या कुपीत १२१.६ ग्रॅम माती होती. जपानच्या ‘हायाबुसा-२’ने डिसेंबर २०२०मध्ये र्‍युगू या लघुग्रहावरून आणली ती सुमारे साडेपाच ग्रॅम. हे आकडे मी हिणवायला देत नाही. बेनूच्या त्या मातीत सजीवांच्या प्रथिनांत आढळणारी १४ अमिनो आम्ले आणि आनुवंशिक रेणू ज्यांपासून बनतात ते पाचही बेस सापडले. तिचे मोल औंसाच्या भावात करताच येणार नाही. अशा मोहिमा आणखी व्हाव्यात, भारतानेही कराव्यात. विज्ञानासाठी जाणे आणि नफ्यासाठी जाणे यांची तोंडमिळवणी करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातले खगोलशास्त्रज्ञ मार्टिन एल्व्हिस हे लघुग्रहांच्या खाणकामाचे समर्थक. त्यांनीच २०१४मध्ये हिशेब मांडला की पृथ्वीजवळच्या हजारो लघुग्रहांपैकी प्लॅटिनमसाठी फायदेशीर ठरतील असे जेमतेम दहा असावेत.

खर्चाहून अवघड प्रतिस्पर्धी काळ आहे. पोचायला सोपे लघुग्रह म्हणजे ज्यांची कक्षा पृथ्वीच्या कक्षेसारखी आहे ते. पण कक्षा सारखी म्हणजे वेगही जवळपास सारखा, त्यामुळे ते एकदा जवळून गेले की पुन्हा गाठ पडायला वर्षानुवर्षे लागतात. बेनू दर सहा वर्षांनी जवळ येतो. आधी एक यान पाहणीला, मग एक चाचणीला, मग खरे खाणकाम, अशा तीन फेऱ्या धरल्या तर पंधरा वर्षे सहज जातात. इतक्या धोक्याच्या धंद्यात पैसा घालणारा दरसाल दरशेकडा पंधराहून कमी परतावा मागणार नाही. त्या दराने पंधरा वर्षांनी रुपयाचे आठ रुपये चौदा पैसे व्हावे लागतात, वीस टक्क्यांनी पंधरा रुपयांहून जास्त. आणि त्या पंधरा वर्षांत प्लॅटिनमला मागणी काय असेल? आज या गटातल्या धातूंचा मोठा वापर पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या धुराड्यातला विषारी वायू कमी करायला होतो. विजेच्या गाडीला धुराडेच नसते.

प्लॅटिनमचे गणित जुळत नाही म्हटल्यावर काही जाणकार पाण्याकडे वळले. लघुग्रहावरच्या खनिजांतले पाणी काढावे, त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन करावेत, अवकाशातच यानांना इंधन म्हणून विकावेत. पृथ्वीवरून वर न्यावा लागणारा प्रत्येक किलो महाग, म्हणून हा धंदा चालेल, असा युक्तिवाद. तो जास्त शहाणपणाचा आहे, पण त्याच्याही मुळाशी एक पेच आहे. स्पेस शटलने कक्षेत किलोभर सामान नेण्याचा खर्च पन्नास हजार डॉलरच्या वर होता, ‘फाल्कन-९’ने तो तीन हजारांच्या खाली आणला. लघुग्रहापर्यंत यंत्रे न्यायला हीच स्वस्ताई हवी, आणि याच स्वस्ताईने पृथ्वीवरचे पाणी वर नेणेही स्वस्त होते. ज्या कारणाने दुकान उघडणे शक्य होते, त्याच कारणाने गिऱ्हाईक दुसरीकडे जाते.

कंपन्यांची कहाणी थोडक्यात सांगण्यासारखी आहे. ‘प्लॅनेटरी रिसोर्सेस’ने २०१२मध्ये लॅरी पेज, एरिक श्मिट अशा गुंतवणूकदारांच्या नावांसह मोठी घोषणा केली, लक्झेम्बर्ग सरकारने तिच्यात भाग घेतला, आणि २०१८मध्ये ती ‘कन्सेन्सिस’ नावाच्या ब्लॉकचेन कंपनीने विकत घेतली. ‘डीप स्पेस इंडस्ट्रीज’ २०१९मध्ये दुसऱ्याकडे गेली. ‘अॅस्ट्रोफोर्ज’ने फेब्रुवारी २०२५मध्ये सोडलेल्या ‘ओडिन’ यानाशी संपर्क तुटला. यांतल्या कुणीही एक ग्रॅम धातू आणला नाही.

याहून बोलका दाखला आपल्या दारात आहे. १९६०च्या दशकात समुद्रतळावर विखुरलेल्या बटाट्याएवढ्या धातुगोट्यांची अशीच भुरळ जगाला पडली. मँगनीज, निकेल, कोबाल्ट, तांबे, सारे एकाच गोट्यात. गोव्यात दोना पावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ‘गवेषणी’ जहाजातून जानेवारी १९८१मध्ये अरबी समुद्रातून पहिले गोटे वर काढले. त्या कामाच्या जोरावर १९८७मध्ये भारताची आद्य गुंतवणूकदार म्हणून अधिकृत नोंद झाली. आज मध्य हिंद महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटरचे क्षेत्र भारताकडे आहे. हे गोटे पाच-सहा किलोमीटर खोल आहेत, तळावर नुसते पसरलेले आहेत, फोडावेही लागत नाहीत. तरी चार दशकांत कुठल्याही देशाने त्यांचे व्यापारी खाणकाम सुरू केलेले नाही. पाच किलोमीटरवर जे साधले नाही ते कोट्यवधी किलोमीटरवर लवकर साधेल, असे म्हणणाऱ्यावर सिद्ध करण्याची जबाबदारी आहे.

मात्र समुद्राच्या बाबतीत जगाने एक शहाणपण दाखवले. धातू हाती येण्याआधी कायदा केला. १९८२च्या सागरी कायद्याच्या कराराने राष्ट्रीय हद्दींबाहेरचा समुद्रतळ मानवजातीचा सामायिक वारसा ठरवला, परवाने देणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था जमैकातल्या किंग्स्टनला बसवली आणि जमिनीवर खाणी असलेल्या विकसनशील देशांचे भाव पडून नुकसान होऊ नये, यासाठी उत्पादनावर मर्यादा घातली. ही मर्यादा १९९४मध्ये श्रीमंत देशांच्या आग्रहाने काढली आणि तिच्या जागी नुकसान झालेल्या देशांना मदतीची तरतूद आली. तरी भाव पडण्याचा बोजा कुणावर, हा आंबेडकरांचा प्रश्न तिथे निदान कागदावर उतरला होता.

अवकाशात उलटे चालले आहे. १९६७च्या अवकाश कराराने कुठल्याही राष्ट्राला खगोलीय वस्तूवर मालकी सांगता येणार नाही असे म्हटले, पण तिथून काढलेल्या धातूबद्दल तो मोघम राहिला. १९७९च्या चंद्र कराराने लघुग्रहांसह सूर्यमालेतल्या इतर गोलांनाही सामायिक वारसा म्हटले. भारताने त्यावर १९८२मध्ये सही केली, मान्यता दिली नाही. मोठ्या अवकाश-सत्तांपैकी कुणीच दिली नाही. मग अमेरिकेने नोव्हेंबर २०१५मध्ये स्वतःच्या नागरिकांना काढलेल्या धातूची मालकी देणारा कायदा केला. त्याच धर्तीवर २०१७मध्ये लक्झेम्बर्ग, पुढे संयुक्त अरब अमिराती आणि जपान आले. २०२०च्या आर्टेमिस करारांनी म्हटले की साधनसंपत्ती काढणे म्हणजे मालकी सांगणे नव्हे. जून २०२३मध्ये भारताने त्यांवर सही केली.

खजिना मिळणारच नसेल, तर कायद्याची काळजी कशाला, असे कुणी विचारील. माझे उत्तर भावाच्या त्याच तर्कातून निघते. विपुल धातू आणून कुणाला नफा होत नाही, तो थेंबाथेंबाने सोडून होतो. १८७०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीला हिरे इतके निघू लागले की भाव घसरले, तेव्हा सेसिल ऱ्होड्सने खाणी एकत्र करून १८८८मध्ये ‘डी बीअर्स’ स्थापली आणि पुढे जवळजवळ शतकभर त्या कंपनीने बाजारात किती हिरे यावेत हे ठरवले. लघुग्रहांचा धातू कधी आलाच, तर तोही अशाच कुणाच्या मुठीतून येईल. मूठ कुणाची, हे ते शक्य होण्याआधीच्या कायद्यांनी ठरते, आणि ते कायदे आत्ता होत आहेत, जेव्हा प्रत्यक्षात काहीच हाती नसल्याने कुणाचे लक्ष नाही. समुद्राच्या बाबतीतही तो धडा गिरवला जातो आहे. २०२५मध्ये अमेरिकेने किंग्स्टनची संस्था बाजूला ठेवून आपल्या देशी कायद्याखाली समुद्रतळाचे परवाने देण्याची तयारी सुरू केली.

आणि जमिनीवरची माणसे? दक्षिण आफ्रिकेत रुस्टेनबर्गच्या प्लॅटिनम पट्ट्यात, मारिकाना इथे, ऑगस्ट २०१२मध्ये मजुरी वाढवून मागणाऱ्या ३४ खाणकामगारांना पोलिसांनी गोळ्या घातल्या. प्लॅटिनमच्या भावातली प्रत्येक घसरण अशा वस्त्यांवर सर्वांत आधी पडते. आकाशातून आलेल्या धातूमुळे त्या खाणी बंद झाल्या, तर पर्यावरण वाचले म्हणून आनंद मानणारे पुष्कळ निघतील. त्या कामगारांच्या पोटाची व्यवस्था कुणी करायची, याचा एकही शब्द वर सांगितलेल्या देशी कायद्यांत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अवकाशविषयक समितीखाली एक कार्यगट सध्या याच विषयावर काम करतो आहे आणि त्याचे पाच वर्षांचे नियोजन २०२७पर्यंतचे आहे. भारत तिथे आहे. आर्टेमिसवर सही केल्याने तिथे बोलायचा हक्क गेलेला नाही, आणि समुद्रतळाच्या कायद्याचा अनुभव भारताइतका फार थोड्या देशांपाशी आहे. त्या टेबलावर भारताने तीन गोष्टी मांडाव्यात असे मला वाटते. परवाना एका देशाच्या मंत्रालयाने नव्हे, सामायिक संस्थेने द्यावा. पाहणीतून मिळालेली खनिजांची माहिती ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली करावी, म्हणजे विज्ञान तरी कुणाच्या तिजोरीत अडकणार नाही. आणि १९८२मध्ये समुद्राच्या करारात जे कलम होते आणि १९९४मध्ये जे गाळले, ते अवकाशाच्या करारात परत आणावे: वर्षाला पृथ्वीवर किती धातू उतरवायचा याची मर्यादा, आणि ती ठरवणाऱ्या मंडळात दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे अशा खाणींच्या देशांना मतासह जागा.